मोर्चा, नोटीस आणि आपला हक्क : कागद मागा, कागद वाचा



या पानावर एरवी आपण पेरणी, फवारणी, बोंडअळी आणि पीकविमा यांची चर्चा करतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण शिवारापासून फार लांबचा नाही.

कांद्याचा भाव पडतो. विम्याची भरपाई अडकते. रात्रीच्या विजेवर पाणी भरून माणूस कंटाळतो. मग गावातली दहा-वीस माणसे पारावर बसून ठरवतात, की चला, तहसीलवर निवेदन घेऊन जाऊ. नेमका त्याच आठवड्यात तालुक्याला मंत्र्यांचा दौरा लागतो. दौऱ्याच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला पोलीस पाटलांबरोबर बीट अंमलदार दारात येतो. ‘नोटीस आहे, सही करा.’ सही होते. कागद घडी घालून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला जातो. त्यात काय लिहिले आहे ते कोणी वाचत नाही. आणि मग घरात एकच प्रश्न सुरू होतो : ‘पोरानं पोलीस भरतीचा फॉर्म भरलाय, त्याच्या चारित्र्य पडताळणीत हे येईल का हो?’

त्या एका प्रश्नाने माणूस पुढच्या वेळी गप्प बसतो. ग्रामसभेतही बोलत नाही.

शेतीशाळा संपली, माणसे पांगली, की असे कागद आमच्यापुढे येतात. ‘साहेब, जरा वाचून सांगा की.’ मी कृषी पदविकावाला आहे, वकील नव्हे. शासनाचा नोकर असल्याने कोणत्या आंदोलनाची बाजू घेणे वा त्याला विरोध करणे हेही माझे काम नव्हे. पण कायदा हा छापील आहे आणि सर्वांसाठी आहे. औषधाच्या डब्यावरचे लेबल वाचल्याशिवाय फवारणी करू नका, असे आम्ही दर हंगामात सांगतो. पोलीस ठाण्याच्या कागदालाही तोच नियम लावावा, एवढेच सांगण्यासाठी हा लेख.

दुष्काळात कायदा सांगणारी माणसे

शेतकऱ्याला कायदा समजावून सांगणे हे आपल्या मुलखात नवे नाही. १८९६ साली पाऊस दगा देऊन गेला आणि मुंबई इलाख्यात दुष्काळ पडला. सरकारची दुष्काळ संहिता होती. पीक बुडाले तर रयतेला कोणती मदत आणि कोणती सूट मिळावी, हे त्यात लिहिलेले होते. पण ते गावात कोणाला ठाऊक नव्हते. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून ते लिहिले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेची माणसे गावोगाव जाऊन सांगू लागली, की सरकारच्याच कायद्यात हे तुमच्यासाठी लिहिले आहे, ते मागा.

त्यांनी बंड करायला सांगितले नव्हते. तरीही सरकारला ते झोंबले. कार्यकर्त्यांवर खटले झाले आणि १८९७ साली सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. त्याच वर्षी ‘केसरी’तील लिखाणाबद्दल टिळकांना राजद्रोहाखाली १८ महिन्यांची शिक्षा झाली. १९०८ साली पुन्हा सहा वर्षे, ती मंडालेला. ज्या कलमाखाली हे घडले ते भारतीय दंड संहितेचे कलम १२४-अ.

स्वातंत्र्य मिळाले, राज्यघटना आली आणि अनुच्छेद १९ ने आपल्याला भाषण व अभिव्यक्तीचा, शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा आणि संघटना करण्याचा हक्क दिला. हा हक्क अमर्याद नाही, हेही तेथेच लिहिले आहे. देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी या कारणांसाठी कायद्याने निर्बंध घालता येतात. मात्र ते निर्बंध ‘वाजवी’ असले पाहिजेत. हा ‘वाजवी’ शब्द १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आला. शब्द छोटा, पण कोर्टात त्याचे वजन मोठे आहे. ‘मंत्र्यांना आवडणार नाही’ हे कारण त्या यादीत कोठेही सापडणार नाही.

टीका कुठे संपते, गुन्हा कुठे सुरू होतो?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली केदारनाथ सिंह खटल्यात सोडवला. सरकारवर कितीही कडक टीका केली तरी तो राजद्रोह होत नाही. हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी असेल तरच तो गुन्हा. पुढे ११ मे २०२२ रोजी न्यायालयाने १२४-अ चा वापर थांबवला आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा ते कलम गेले. त्याच्या जागी कलम १५२ आले आहे. ते देशाची सार्वभौमता, एकता व अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांबद्दल आहे आणि त्याची शिक्षाही जबर आहे. पण सरकारच्या धोरणावर वा कारभारावर नापसंती दाखवून ते कायदेशीर मार्गाने बदला असे म्हणणे हा या कलमाखाली गुन्हा नाही, असा खुलासा त्या कलमातच दिलेला आहे. ‘निर्यातबंदी उठवा, नाहीतर पुढच्या निवडणुकीत बघून घेऊ’ हे वाक्य त्यात बसत नाही, हे सांगायला वकील नको.

आता मोबाईलचे घ्या. आजकाल भाषणापेक्षा स्टेटसचीच भीती जास्त. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतर पाळलेल्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने ‘लाईक’ केले. दोघींनाही अटक झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. देशभर गदारोळ उठला, पोलीस अधिकारी निलंबित झाले, गुन्हा बंद झाला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ते कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य म्हणून रद्द केले. आज त्या कलमाखाली कोणी नोटीस दाखवली, तर तो कागद नसल्यात जमा आहे.

दुसरे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातले. एका महाविद्यालयातील प्राध्यापकाने अनुच्छेद ३७० रद्द झाल्याच्या दिवसाला व्हॉट्सअॅप स्टेटसमध्ये ‘काळा दिवस’ म्हटले आणि पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा ठेवल्या. दोन गटांत तेढ निर्माण केल्याचा गुन्हा नोंद झाला. उच्च न्यायालयाने तो रद्द करण्यास नकार दिला, पण मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, शब्दांचा परिणाम मोजताना एखाद्या दुबळ्या मनाच्या माणसाचे माप न लावता समंजस माणसाचे माप लावावे, आणि आपल्या पोलीस यंत्रणेला भाषणस्वातंत्र्याचा अर्थ शिकवण्याची वेळ आली आहे, असे न्यायालयाने म्हटले. ते स्टेटस आपल्याला पटो वा न पटो, मुद्दा वेगळा आहे. न पटणारे बोलणे आणि गुन्हा यांच्यामधली रेघ न्यायालयाने तेथे आखून दिली.

गावच्या ग्रुपचे अॅडमिन असलेल्यांसाठीही एक निकाल आहे. गोंदिया जिल्ह्यातील प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये सांगितले, की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल केवळ अॅडमिन आहे म्हणून कोणाला गुन्हेगार ठरवता येत नाही; दोघांचा संगनमताचा हेतू दिसला पाहिजे.

याचा अर्थ काहीही टाकावे असा घेऊ नका. ‘अमक्या जातीच्या लोकांना गावात येऊ देऊ नका’, ‘तमक्याचे दुकान जाळा’, कोणाच्या लेकीसुनेबद्दल घाण मजकूर, किंवा पुराव्याशिवाय ‘ग्रामसेवकाने इतके लाख खाल्ले’ हे या हक्कात बसत नाही. मनात शंका असेल तर ‘खाल्ले’ म्हणण्यापेक्षा माहितीच्या अधिकारात हिशेब मागा. तो कागद शंभर पोस्टपेक्षा भारी पडतो.

नोटिसा सगळ्या सारख्या नसतात

आता देव्हाऱ्याच्या फळीवरचा तो कागद काढा. वरच्या बाजूला कायद्याचे नाव आणि कलम असते, ते आधी वाचा. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आहे. त्यामुळे आकडे बदलले आहेत, तोंडात मात्र अजून जुनेच आहेत.

कलम १६८ (जुने १४९) : दौऱ्याच्या आदल्या दिवशी येते ती बहुतेक हीच. दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून पोलिसांनी दिलेली ही ताकीद आहे. ती मिळाली म्हणजे गुन्हा दाखल झाला असे नाही, शिक्षा तर नाहीच. सही घेतात ती कागद पोचल्याची. सहीखाली ‘नोटीस मिळाली, मजकूर मान्य नाही, आमचे निवेदन शांततेने देणार आहोत’ असे लिहायला कोणतीही आडकाठी नाही. आपली प्रत ठेवून घ्या.

कलम १२६ (जुने १०७) : ही तहसीलदार किंवा अन्य कार्यकारी दंडाधिकाऱ्यांची कारणे दाखवा नोटीस. शांतता राखण्याचे बंधपत्र एक वर्षापर्यंत का घेऊ नये, असे तीत विचारलेले असते. आपल्याविरुद्ध काय माहिती मिळाली त्याचा सारांश लेखी आदेशात असावाच लागतो. तारखेला हजर राहून म्हणणे लेखी द्या. टाळू नका.

कलम ३५(३) (जुने ४१-अ) : गुन्हा दाखल आहे, आपले नाव आहे, पण अटकेची गरज पोलिसांना वाटत नाही, तेव्हा ही येते. सांगितल्याप्रमाणे हजर राहिलात तर, अटक का हवी याची कारणे लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. दांडी मारली तर अटक होऊ शकते. ही नोटीस व्हॉट्सअॅपवर बजावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. आणि व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस ‘तुम्हाला डिजिटल अटक केली’ म्हणून पैसे मागू लागला, तर तो सरळसरळ चोर आहे. अशी अटक कोणत्याच कायद्यात नाही.

कलम १७९ (जुने १६०) : साक्षीदार म्हणून बोलावणे. येथे लक्षात ठेवा, महिला, १५ वर्षांखालील मुलगा, ६० वर्षांवरील पुरुष, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी यायचे असते. ‘आजीला घेऊन या’ असा निरोप आला तर हे कलम नम्रपणे दाखवा.

राहिला पोराच्या भरतीचा प्रश्न. ताकीद, दाखल गुन्हा आणि सिद्ध झालेला गुन्हा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वडिलांना मिळालेली ताकीद ही मुलाची नोंद होत नाही. मुलावर स्वतःवरच गुन्हा दाखल असेल तर फॉर्ममध्ये तो लपवू नये. पुष्कळदा नुकसान गुन्ह्यापेक्षा लपवण्याने होते. आंदोलनातले खटले सरकारी वकिलामार्फत, न्यायालयाच्या संमतीने मागे घेण्याची सोय कलम ३६० मध्ये आहे, तेव्हा जुन्या खटल्याचा पाठपुरावा सोडू नका.

जमावबंदी आणि मोर्चा

‘जिल्ह्यात ३७(१)(३) लागू’ ही बातमी आपण याच दैनिकात वरचेवर वाचता. हे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम. शस्त्रे, काठ्या, दगड बाळगणे आणि पाच वा अधिक लोकांनी जमणे यांवर त्यानुसार बंदी घालता येते. पण जमाव-मिरवणुकीवरची बंदी शासनाच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणून आदेशावरची तारीख पाहा. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ (जुने १४४) हे दुसरे. त्याचा आदेश सहसा दोन महिन्यांच्या वर चालत नाही. राज्य शासनाला तो आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवता येतो, पण त्याला तसेच कारण लागते. रास्त मत वा गाऱ्हाणे दाबण्यासाठी हे कलम वापरता येणार नाही आणि आदेश लोकांना कळतील असे प्रसिद्ध केले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात सांगितले.

त्यानंतर महिनाभरातच बीड जिल्ह्यातील माजलगावचे प्रकरण औरंगाबाद खंडपीठापुढे आले. नागरिकत्व कायद्याविरुद्ध शांततेने धरणे धरायचे होते आणि ३७ च्या आदेशावर बोट ठेवून परवानगी नाकारली होती. खंडपीठाने तो आदेश आणि नकार दोन्ही रद्द केले. एखाद्या कायद्याला शांततेने विरोध करणाऱ्याला देशद्रोही म्हणता येणार नाही, असेही सुनावले. म्हणजे तालुक्याच्या गावातली माणसेसुद्धा कागद घेऊन खंडपीठापर्यंत जाऊ शकतात आणि न्याय मिळवू शकतात.

आदेश लागू असताना तो मोडला तर न्याय संहितेच्या कलम २२३ (जुने १८८) खाली कारवाई होते. मात्र त्या गुन्ह्याची दखल न्यायालय संबंधित अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवरच घेते. गुन्हा टाळण्यासाठी पोलिसांनी दिलेली कायदेशीर सूचना न मानणाऱ्याला ते बाजूला नेऊ शकतात, २४ तासांच्या आत सोडावे वा दंडाधिकाऱ्यापुढे न्यावे लागते. रस्ता अडवणे हाही गुन्हा आहे. सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवण्याचा हक्क कोणाला नाही, असे शाहीनबागेच्या निकालात ऑक्टोबर २०२० मध्ये न्यायालयाने सांगितले आहे.

रस्त्यावरचा प्रसंग हाताबाहेर गेला की किंमत कोण मोजते, हे मावळने पाहिले. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना धरणाच्या बंद जलवाहिनीविरोधात शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन जीव गेले. त्यात एक महिला होती. जमाव बेकायदा ठरला तरी आधी पांगण्याचा आदेश द्यावा लागतो आणि बळ लागेल तेवढेच वापरावे लागते, असा कायदा आहे. पण गोळी सुटल्यावर कायदा वाचून माणूस परत येत नाही. म्हणून मोर्च्यात पुढे चालणाऱ्यांची जबाबदारी मोठी.

याच्या उलट चित्र मार्च २०१८ चे. ६ मार्चला नाशिकहून किसान सभेचा लाँग मार्च निघाला. आदिवासी, शेतकरी बाया-माणसे, कित्येकांच्या पायात धड चप्पल नाही. मुंबईत दहावीची परीक्षा होती. पोरांचे हाल नकोत म्हणून थकलेल्या मोर्च्याने रात्रीच चालून १२ मार्चच्या पहाटे आझाद मैदान गाठले. मुंबईकर पाणी आणि चपला घेऊन रस्त्यावर उभे राहिले. त्याच दिवशी शासनाला लेखी आश्वासन द्यावे लागले.

मोर्चा काढायचा तर एवढे करावे : काही दिवस आधी ठाण्यात लेखी अर्ज द्यावा, त्यात तारीख, वेळ, मार्ग, अंदाजे संख्या आणि दोन जबाबदार माणसांची नावे घालावीत. पोच घ्यावी. परवानगी नाकारली तर ‘तोंडी नको, कारणासह लेखी द्या’ म्हणावे. हा लेखी नकारच पुढे उच्च न्यायालयात उपयोगी पडतो.

अटक झालीच तर

कायद्याने दिलेली ही यादी घरातल्या भिंतीवर लावण्यासारखी आहे.

१) पोलिसाच्या छातीवर नाव स्पष्ट दिसले पाहिजे. अटकेचा पंचनामा तेथेच करावा लागतो. त्यावर घरच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष आणि अटक झालेल्याची सही असते. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये घालून दिलेले हे नियम आता कायद्यातच आहेत.

२) अटकेचे कारण सांगावेच लागते. ते लेखी आणि माणसाला समजेल अशा भाषेत द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सांगितले. आपल्याला मराठी येते, तर मराठीत मागा.

३) कोठे ठेवले आहे हे नातेवाईक वा मित्राला कळवावे लागते. चौकशीच्या काळात वकिलाला भेटता येते.

४) अटकेनंतर लगेच वैद्यकीय तपासणी. अंगावर मार असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि लिहून घ्यायला सांगा.

५) प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. हे अनुच्छेद २२ मध्येच आहे. ‘उद्या सोडतो, परवा सोडतो’ चालत नाही.

६) सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची लेखी पूर्वपरवानगी लागते.

७) तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात ६० वर्षांवरील किंवा आजारी माणसाला उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही.

८) स्वतःविरुद्ध कबुली द्यायची सक्ती नाही. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर सही करण्याचेही बंधन नाही.

आपण फिर्यादी असताना

हक्क फक्त आंदोलकांचे नसतात. विहिरीवरची मोटार गेली, केबल कापून नेली, व्यापारी कापूस भरून पळाला, म्हणजे आपण ठाण्याची पायरी चढतोच. तेथे ‘अर्ज देऊन जा, बघतो’ असे उत्तर मिळते. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिताकुमारी खटल्यात सांगितले. आता कलम १७३ प्रमाणे हद्द कोणाचीही असो, कोणत्याही ठाण्यात खबर देता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. प्रत फुकट मिळते. तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत आधी १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, हे मात्र नवे आहे. ठाणे अंमलदाराने नोंद घेतलीच नाही तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, तरीही नाही झाले तर दंडाधिकाऱ्यांकडे जा.

एक बारकावा : चोरीच्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर नव्या कायद्यात तो गुन्हा अदखलपात्र धरला जातो आणि नुसती ‘एनसी’ हातात पडते. म्हणून मोटार, स्टार्टर, केबल यांची पक्की बिले जपून ठेवा. किंमत बिलाने सिद्ध होते.

दाद कोठे मागावी?

पैसे नाहीत म्हणून वकील नाही, असे होऊ नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतील व्यक्ती, तसेच पूर, दुष्काळ, भूकंप यांसारख्या आपत्तीत सापडलेले लोक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयात विधी सेवा समितीचे कार्यालय असते. दूरध्वनी १५१०० आहे. पोलिसांकडून अन्याय झाला तर अधीक्षक, राज्य मानवी हक्क आयोग आणि उच्च न्यायालय अशा पायऱ्या आहेत. आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत जावे. ठाण्यात सीसीटीव्ही लावावेत असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. तक्रारीत त्या दिवसाचे चित्रण जतन करण्याची मागणी लगेच करावी.

शेवटी एक सांगतो. वर्दीतला माणूसही बहुतेक वेळा आपल्याच शेतकरी घरातला आहे. सणासुदीलाही त्याला रजा नसते आणि बंदोबस्ताचा ताण त्याच्या डोक्यावर असतो. त्याच्याशी अरेरावी करू नका, अंगावर तर मुळीच जाऊ नका. हात जोडून विचारा : साहेब, कलम कोणते? लेखी द्याल का? प्रत मिळेल का? हे तीन प्रश्न विचारणे हा गुन्हा नाही. ज्या गावात चार माणसे ते विचारू लागतात, त्या गावात विनाकारण नोटिसा वाटणे सोपे राहत नाही.

येत्या ग्रामसभेत हा लेख कोणी तरी मोठ्याने वाचून दाखवावा आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर वरची अटकेची यादी व १५१०० हा आकडा लिहून ठेवावा, ही विनंती. निवेदन तयार असेल तर ते घेऊन जरूर जा. शांततेने जा, पोच घेऊन या, आणि घरी आल्यावर कागद फाईलला लावा.